इंग्रजीत कुणी मरत नाही

सकाळी पावणेदहापर्यंत अप्पा माझे अप्पा असत, आणि त्यानंतर सर. आमच्या घरातून शाळा दिसायची. मधे एक चिंच आणि पाण्याचा हौद एवढंच काय ते होतं, पण तेवढं अंतर ओलांडताना आमचं नातं बदलायचं. दोघं घरातून बरोबर निघायचो. हौदापाशी आलं की अप्पा पाय उचलून चालायला लागत आणि मी मुद्दाम मागे रेंगाळायची. मग ते वर्गात आले की इतर पोरींसारखी उभी राहून 'गुड मॉर्निंग सर' म्हणायची. पहिल्याच दिवशी असं म्हणताना मला हसू फुटलं होतं, तर त्यांनी मला तासभर बाकावर उभं केलं. घरी आल्यावर आईनं विचारलं, हिचे पाय कशानं दुखायलेत, तर हे शांतपणे म्हणाले, "तिला सरांनी उभं केलं होतं." आणि स्वतःच माझ्या पायांना तेल चोळायला बसले.

आमचं गाव आळंद तालुक्यातलं. घरात मराठी, बाजारात कन्नड, बसस्टँडवर दखनी, आणि इंग्रजी कुठेच नाही. इंग्रजी फक्त अप्पांकडे होतं, तेही त्यांनी स्वतःच्या जिवावर मिळवलेलं. दाढी करताना ते इंग्रजी कविता म्हणायचे. आई स्वयंपाकघरात ज्वारीच्या भाकरी थापायची आणि अप्पा तोंडाला फेस फासून तिच्या थापांवर कवितेचा ताल धरायचे. एक हलकी थाप, एक जोराची, एक हलकी, एक जोराची. "बघ सुमे," ते मला ओरडून सांगायचे, "तुझी आई इंग्रज कवीच्या चालीत भाकरी करायली." आई म्हणायची, "माझी भाकरी तुटायली, ते बघा आधी." थंडीत आमच्याकडे तुरीच्या शेंगा उकडायचं मोठं पातेलं दुपारपासूनच चुलीवर असायचं. मिठाच्या पाण्यात शिजलेल्या त्या शेंगांचा वास घरभर भरायचा, आणि शाळा सुटल्यावर अप्पांचे विद्यार्थी काही ना काही विचारायचं निमित्त काढून ओसरीवर येऊन बसायचे. कवितेपेक्षा शेंगांसाठीच येत हे अप्पांना चांगलं ठाऊक होतं. शेंगा सोलता सोलता चार ओळी कानावर पडल्या तरी पुष्कळ झालं, असं त्यांचं मत होतं.

त्यांची शिकवायची तऱ्हा आज कुणी बघितली तर त्यांना वेडात काढेल. आम्ही दहावीतली पोरं, आम्हाला 'धिस इज अ काऊ' धड येत नव्हतं, आणि हे आम्हाला कवितेचे प्रकार शिकवायला निघालेले. पुस्तकाच्या शेवटी त्यांच्या व्याख्या होत्या, पण व्याख्या पाठ करायच्या नाहीत, प्रकार अंगानं कळला पाहिजे हा त्यांचा हट्ट. बॅलड शिकवताना त्यांनी टेबलावर डफासारखी थाप धरली आणि शाहिरासारखा हात कानावर ठेवून इंग्रजी ओळी म्हटल्या. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले, तर त्यांनाच कोरसमध्ये घेतलं. ओड म्हणजे एखाद्या गोष्टीला समोर बसवून तिच्याशी केलेलं बोलणं, म्हणून आम्हाला सगळ्यांना हौदावर नेलं आणि हौदाशी इंग्रजीत बोलायला लावलं. "ओ हौद, यू आर फुल ऑफ वॉटर," एवढंच ज्याला त्याला सुचलं. सॉनेटला तर चौदा जणांना ओळीनं उभं केलं, यमक जुळणाऱ्यांना एकमेकांकडे बघायला सांगितलं, आणि शेवटच्या दोन ओळी जोडीनं येतात म्हणून शेवटच्या दोघांना हात धरायला सांगितलं. शेवटी नेमके एक मुलगा आणि एक मुलगी आले. त्या सॉनेटची चर्चा गावात महिनाभर चालली होती, आणि मुख्याध्यापकांनी अप्पांना बोलावून यापुढे कविता बसूनच शिकवायची ताकीद दिली.

महानंदा माझ्या बाकावर बसायची. उंच, सावळी, हातापायाला सदा पीठ किंवा माती लागलेली. तिची आई काशीअक्का. महानंदाचे वडील शिवराम ती लहान असताना एका ट्रकबरोबर सोलापूरला गेले ते परत आले नाहीत. कुणी म्हणायचं, तिकडे त्यांनी दुसरं घर केलंय. मेल्याची बातमी मात्र कधी आली नाही. काशीअक्का रुपयाएवढं कुंकू लावायची, हातभर हिरव्या बांगड्या भरायची आणि दर पौर्णिमेला गाणगापूरला जायची. तिथल्या एका पुजाऱ्यानं तिला सांगितलं होतं, माणूस जिवंत आहे, येईल. त्या एका शब्दावर ती बाई जगत होती. रोज जेवायच्या वेळी ती पहिलं ताट नवऱ्याचं वाढायची. सगळ्यांची जेवणं होईपर्यंत ते तसंच भिंतीपाशी राहायचं, आणि मग अन्न टाकायचं नाही म्हणून ते महानंदानं खायचं. महानंदाला कधी कुणी गरम भाकरी खाताना बघितलं नाही. आमच्याकडे आली की ती तव्यावरची भाकरी हातात घेऊन नुसतीच बसायची, चटके बसत तरी खाली ठेवायची नाही. माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ती तिला आणखी एक वाढायची.

मग एलिजी आली. अप्पांनी फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हणाले, "कुणी गेल्यावर बायका हेल काढून रडतात ना? नाव घेऊन, एकेक आठवण काढून? तेच हे. इंग्रजांकडे ते लिहून ठेवायची पद्धत आहे." पोरींनी लिहायचं थांबवलं. आमच्या भागातलं ते रडणं ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल. त्याला चाल असते, लांब चढत जाऊन एकदम तुटणारी, आणि त्या चालीत गेलेल्या माणसाच्या चपलेपासून बैलापर्यंत सगळं येतं. पोरी ते आजीकडून, आईकडून ऐकत ऐकत शिकतात, पण ते तोंडातून काढायचं नसतं. घरातली सगळी माणसं जिवंत असताना ती चाल कुणी गुणगुणली तर थोबाडीत बसते. म्हणून अप्पांनी "उद्या सगळ्यांनी एकेक एलिजी लिहून आणा" म्हटल्यावर पोरींच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. शेवटी मागची एकजण उठली. "सर, जित्या घरात तसलं रडू न्हाई. अभद्र असतंय." अप्पा हसले. "इंग्रजीत लिहा की गं. इंग्रजीत कुणी मरत न्हाई." सगळे हसले, भीती गेली. मीही हसले.

आता हे लिहिताना बाहेरच्या खोलीत चार पोरं बसलीयेत. मी पुढे जन्मभर इंग्रजीच शिकवलं आणि आता निवृत्तीनंतर शिकवण्या घेते. कडगंचीच्या ज्या माळावर आमच्या लहानपणी नुसती मेंढरं चरायची तिथे आज विद्यापीठ आहे, माझी भाची तिथे इंग्रजीत एम. ए. करते आणि कवितेच्या प्रकारांवर मोबाईलवर चित्रं दाखवत बोलते. फार छान बोलते. परवा शिकवणीतल्या एका मुलीनं विचारलं, "टीचर, एलिजी म्हणजे काय?" मी दोन ओळींची व्याख्या सांगितली, ती तिनं लिहून घेतली, आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळले. बॅलड मात्र मी अजूनही टेबल बडवून शिकवते.

अप्पांनी एलिजी लिहायला सांगितली त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी काय काय आणलं होतं! एकानं बैलावर, एकानं हरवलेल्या सायकलवर, मी आमच्या पोपटावर लिहिलं होतं. अप्पा संध्याकाळी स्वयंपाकघरात आईशेजारी बसून ते वाचत होते आणि हसून हसून त्यांना खोकला येत होता. महानंदाचं हातात घेतलं तेव्हा त्यांचं हसू थांबलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग आईला मराठीत सांगितलं. इंग्रजी मोडकं होतं. क्रियापदं कुठेही पडलेली, स्पेलिंगं विचारू नका. पण मजकूर असा होता: फादर, तू गेलास. तुझी चप्पल आई रोज पुसते. तुझ्या ताटातली थंड भाकर खाऊन मी वाढले. मला तुझं तोंड आठवत नाही, भाकर आठवते. फादर, तू मेलास असं मला कुणी सांगत नाही, म्हणून मीच सांगते. आईनं तव्यावरची भाकरी उतरवली. मग म्हणाली, "अहो, हे बाहेर काढू नका." अप्पांना ते ऐकूच गेलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा एका पोरीनं खरी कविता लिहून आणली होती. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी नंतर कधीच पाहिला नाही, माझ्या नोकरीच्या वेळी नाही की लग्नातही नाही.

संक्रांतीच्या आधी शाळेचं संमेलन असायचं. अप्पांनी ठरवलं, महानंदानं ही कविता म्हणायची. तिला विचारलं तेव्हा ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "म्हंते सर. इंग्रजीतच म्हनायची ना? मंग आईला कुठं कळायलंय." तालमीत ती अगदी कोरडी म्हणायची, आगगाडीचं वेळापत्रक वाचावं तशी. अप्पा म्हणायचे, "जरा जीव ओत गं." ती मान हलवायची आणि पुन्हा तशीच म्हणायची.

संमेलन दुपारी होतं. शाळेपुढे मांडव, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि चिंचेला बांधलेला कर्णा. काशीअक्का पुढच्याच ओळीत बसली होती. लेक इंग्रजी बोलणार म्हणून सणाचं लुगडं नेसून, नवीन बांगड्या भरून आली होती. शेजारच्या बायकांना सांगत होती, "आमची म्हानंदा विंग्रजी म्हन्नार हाय, कळलं तर मला बी सांगा." महानंदा माईकपुढे उभी राहिली. पहिली ओळ म्हटली आणि तिचं पुढचं गेलं. मी पडद्याआड होते, मला तिचे हात दिसत होते, फ्रॉकची कड मुठीत धरलेले. अप्पा दुसऱ्या बाजूनं ओठांनी पुढचे शब्द सांगत होते. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, आईकडे बघत होती. आणि मग तिनं 'फादर' म्हटलं, पण ते तालमीतलं नव्हतं. ते लांब चढत गेलं आणि तुटलं. त्यामागून सगळी कविता तशीच आली, इंग्रजी शब्द आणि आमच्या बायकांची रडायची चाल. कर्ण्यातून ती गावभर गेली.

आमच्याकडे एखादी बाई हेल काढून रडत असली तर बाकीच्या बघत बसत नाहीत. जिच्या कानावर पडेल तिनं हातातलं टाकून जायचं, तिच्या गळ्यात पडायचं आणि आपला आवाज तिच्या आवाजात मिसळायचा. कोण गेलं, कसं गेलं, हे मागाहून विचारायचं. मांडवातल्या बायकांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. फादर तेवढा कळला आणि चाल कळली. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला, दुसरीनं लावला, आणि बघता बघता सगळी बाजू रडायला लागली. दोघीतिघी उठून काशीअक्काच्या गळ्यात पडल्या. "कवा कळालं गं काशे? कुठं झालं?" काशीअक्का आधी हसतमुखानंच त्यांच्याकडे बघत होती. मग तिला वाटलं, शाळेत खबर आली असणार. शाळेत पोस्ट यायचं, शाळेतले लोक शिकलेले, आपल्याला आधी सांगायचं सोडून लेकीकडून सगळ्यांसमोर सांगवतायत. तिनं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. तिनं दोन्ही हात मांडवाच्या खांबावर आपटले, आणि नव्या बांगड्यांचा चुरा झाला.

अप्पा स्टेजवरून उडी मारूनच खाली आले. त्यांचं धोतर खिळ्याला अडकून फाटलं. "अक्का, काही खबर न्हाई हो! कविता हाय ती, शाळेतली कविता! खोटं हाय सगळं!" आधी कुणाला ऐकूच जाईना. मग हळूहळू रडणं थांबलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काशीअक्कानं आपल्या हातांकडे पाहिलं. मनगटावर रक्त आलं होतं. ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "मंग ह्या बांगड्या कामून फुटल्या, सर?" अप्पा खाली बसले आणि काचा वेचायला लागले.

मला वाटलं होतं, चार दिवसांत मिटेल. बांगड्या काय, पुन्हा भरता येतात. पण कासार तिच्या दारावरून पुढे गेला. आईनं त्याला थांबवून विचारलं तर तो म्हणाला, "वहिनी, मालक जिता हाय म्हनून कुनीतरी एकानं सांगा, मी आत्ता भरतो. रडून फोडलेल्या हातात मी कशा भरू?" आणि तसं छातीठोकपणे सांगणारं गावात कुणी नव्हतं. काशीअक्का पुन्हा गाणगापूरला गेली, पण तिला जिवंत आहे म्हणून सांगणारा पुजारी आता म्हणाला की, शोक झाला असेल तर मी काय बोलणार. परगावच्या नातेवाइकांपर्यंत गोष्ट पोचली होती, ते समाचाराला यायला लागले. ती प्रत्येकाला सांगायची, न्हाई हो, तसं काही न्हाई. ते मान डोलवायचे आणि तरी रिवाजाप्रमाणे घटकाभर बसून जायचे. संक्रांत आली. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे कुणाला ठरवता येईना, म्हणून कुणीच बोलावलं नाही. आईनं बोलावलं, मला पाठवलं बोलवायला. काशीअक्का दारात आली. कपाळाला कुंकू होतं आणि हात उघडे. "तुझ्या आईला सांग, येते म्हनावं," ती म्हणाली. ती आली नाही.

शिवरामचे धाकटे भाऊ मल्लूअण्णा हे आता त्या घरातले कर्ते. त्यांनी महानंदाची शाळा बंद केली. परीक्षेला फार दिवस उरले नव्हते. अप्पा त्यांच्याकडे गेले तेव्हा मी मुद्दाम मागोमाग गेले. मला वाटत होतं भांडण होईल, आणि भांडण झालं की अप्पा जिंकतील, कारण बोलण्यात त्यांना कुणी हरवू शकत नव्हतं. पण मल्लूअण्णा अतिशय नम्रपणे बोलले. अप्पांना बाजेवर बसवलं, स्वतः खाली बसले. "सर, तुमच्यावर आमचा राग न्हाई. तुमी आमच्या लेकरांचे गुरू. पन ही पोरगी जित्या बापाला रडली. उद्या आमाला रडंल. घरात पोरीबाळी हायत, त्यांनी काय शिकावं हिच्याकडून?" अप्पा म्हणाले, चूक माझी आहे, मी लिहायला सांगितलं, शिक्षा मला करा. मल्लूअण्णा म्हणाले, "तुमी समद्यांलाच सांगितलं हुतं. बाकीच्यांनी बैल रडला, सायकल रडली. बाप हिनंच रडला." अप्पांनी परीक्षेचं सांगितलं, पोरगी हुशार आहे, दोन महिन्यांचा प्रश्न आहे, मी घरी येऊन शिकवतो, शाळेत नका पाठवू. मल्लूअण्णा सगळं मान खाली घालून ऐकून घेत आणि शेवटी "न्हाई सर" म्हणत. अप्पा काशीअक्काकडे वळले. ती म्हणाली, "मला काय विचारता सर. मी कुंकवाची का बिनकुंकवाची हाव, तेच मला कळंना झालंय." महानंदा दाराच्या आत भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

अप्पा पुन्हा गेले. मुख्याध्यापकांना घेऊन गेले, गावातल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन गेले. दर वेळी चहा मिळाला आणि तेच उत्तर मिळालं. घरी आले की ते ओसरीवर बसून राहायचे. शेंगांचं पातेलं भरलेलं असायचं पण पोरं येईनाशी झाली होती. आईबापांनी सांगितलं असणार, सरांच्या नादी लागू नका म्हणून. मला अप्पांचा राग यायचा. का यायचा हे तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. ते इतके चांगले होते आणि त्यांच्या चांगलेपणाचा काडीचा उपयोग होत नव्हता, याचा तो राग होता. एखाद्या दांडगट मास्तरानं मल्लूअण्णांना दम भरला असता आणि पोरगी परीक्षेला बसली असती, असं मला वाटायचं. अजूनही कधी कधी वाटतं.

परीक्षेत तिचा नंबर माझ्या पुढच्याच बाकावर चिकटवलेला होता. बाक शेवटपर्यंत रिकामा राहिला. त्याच उन्हाळ्यात चिटगुप्प्याजवळच्या एका गावात तिला देऊन टाकलं. पाठवणीच्या वेळी नवरी हेल काढून रडते, नाही रडली तर नावं ठेवतात. मांडवातल्या सगळ्या बायका डोळे लावून बसल्या होत्या की ही आता कशी रडते. महानंदानं आवाज काढला नाही. आईच्या गळ्यातसुद्धा पडली नाही. नमस्कार केला आणि गाडीत जाऊन बसली.

आणि पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर शिवराम आला. ट्रकमधून उतरला, हातात एक पत्र्याची पेटी, डोकं पांढरं झालेलं. इतकी वर्षं कुठे होता, कुणाबरोबर होता, काही बोलला नाही. सरळ घरी जाऊन ओट्यावर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी कासार स्वतःहून गेला आणि काशीअक्काच्या हातात बांगड्या भरून आला. गाव जाऊन त्याला बघून येत होतं. मी कलबुर्गीच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते, मीही बघून आले. तो काडीनं दात कोरत बसला होता. ज्याच्यामुळे एवढं झालं तो माणूस इतका साधा असेल असं मला वाटलं नव्हतं.

अप्पांचा मात्र कायापालट झाला. "माणूस जिता हाय!" ते घरभर फिरत म्हणायला लागले. "आता पोरीवरचा बोल गेला की नाही? आता कोण काय म्हणणार? बाहेरून बसवू तिला परीक्षेला." आई म्हणाली, "अहो, तिला लेकरू झालंय." अप्पा म्हणाले, "लेकरू झालं म्हणून काय इंग्रजी विसरती का?" दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मला घेऊन निघाले. दोन बस बदलून आम्ही चिटगुप्प्याला पोचलो आणि तिथून चालत तिच्या गावाला. वाटभर ते तिला कुठल्या कविता आधी शिकवायच्या याचा विचार मोठ्यानं करत होते. मला ते ऐकवत नव्हतं आणि त्यांना थांबवायचा धीरही होत नव्हता.

तिच्या सासरची माणसं वाईट नव्हती. सुनेचे सर आले म्हणून सासूनं चुरमुऱ्याचा सुशीला केला, चहा केला. महानंदा डोक्यावरून पदर घेऊन बाहेर आली, अप्पांच्या पाया पडली. अप्पांनी शिवराम आल्याचं सांगितलं, तर ती म्हणाली, "कळालं. चुलत्यानं सांगावा धाडला हुता." मग अप्पांनी परीक्षेचं काढलं. अभ्यासाचं मी बघतो, पुस्तकं मी आणतो, महिन्यातून दोनदा मीच येतो, एवढं सगळं ते एका दमात बोलले. सासू हसली. "आता कशाला वो सर? आता काय तिला कलेक्टर व्हायचंय का?" ती चांगुलपणानंच बोलली, तेच तर वाईट. नवरा जमिनीकडे बघत होता. अप्पा महानंदाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही, वर्गात एखाद्या पोराकडून उत्तर यायची वाट बघताना असायचा तसाच होता. महानंदा म्हणाली, "सर, च्या थंड व्हायलाय." अप्पांनी कप उचलला.

निघताना ती लेकराला कडेवर घेऊन आम्हाला कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. अप्पा पुढे गेले, त्यांना मागे बघायचं नव्हतं. आम्ही दोघी हळू चालत होतो. लेकराला सर्दी झाली होती, ती पदरानं त्याचं नाक पुसत होती.

"सुमे," ती म्हणाली, "एलिजी आल्ती का परीक्षेत?"

"आल्ती," मी म्हणाले. "दोन मार्काला. व्याख्या लिवायची होती."

"काय लिवलीस?"

मी व्याख्या सांगितली. ती इंग्रजीतच सांगितली, पुस्तकाच्या शेवटी छापलेली होती तशी. तिनं माझ्याबरोबर ओठ हलवले. तिला अजून पाठ होती.

"पडले का दोन्ही?"

"पडले."

महानंदानं लेकरू या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मला बी पडले असते," ती म्हणाली.